गोगटेकाकांची घरपाहणी

गोगटेकाका परक्याच्या घरी गेले की आधी जमिनीवर आडवे व्हायचे. मालकाची अजून नीट ओळखही झालेली नसायची. चपला दाराबाहेर, छत्री कोपऱ्यात आणि काका हॉलच्या मधोमध फरशीवर उताणे. कळव्याला एका घरात मालकीणबाई घाबरून कांदा फोडून घेऊन धावत आल्या, तर काका झोपल्या झोपल्या म्हणाले, "फिट नाही हो, मी ओल बघतोय."

ते घर विकत घ्यायला आलेले असायचे. जुनं, बैठं, भोवती भरपूर जागा असलेलं घर. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असं घर विकायला निघालं की त्याची बातमी दलालांच्या आधी काकांना लागायची. मग रविवारी सकाळी ते पिशवीत भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा, माळा बघायला बॅटरी आणि एक रिकामी बाटली घेऊन निघायचे. बाटली विहिरीच्या पाण्यासाठी. त्या पाण्यात काकू घरी तुरीची डाळ शिजवून बघत. पाणी जड असेल तर डाळ शिजत नाही, यावर त्या दोघांचं एकमत होतं.

आम्ही कोपरीला एकाच मजल्यावर राहायचो, तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. जन्मभर त्यांनी वस्तू उचलायची, डोळ्यांजवळ धरायची आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, एवढंच केलं. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, शब्द सुटले नाहीत. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट व्हायची, सोसायटीचे सेक्रेटरी तर दर मीटिंगला रिजेक्ट व्हायचे. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोकडे नीट बघून ते "पास" म्हणाले. त्यांच्या दृष्टीने तो आहेरच होता, पण बायकोने अजून तो स्वीकारलेला नाही.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. संधिवाताने त्यांचे गुडघे पार गेले होते. त्यांना खाली आणायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. एकदा एका लग्नाला तसं नेलं, तेव्हा त्यांना इतका संकोच वाटला की पुन्हा नको म्हणाल्या. तेव्हापासून त्या वरच. माहेर रेवदंड्याचं, सगळं बालपण अंगणात गेलेलं. लग्न ठरताना काकांनी अंगणाचं घर घेऊन देईन म्हणून शब्द दिला होता, आणि तो ते काही केल्या विसरेनात.

"काका, तळमजल्याचा एखादा ब्लॉक घ्या की," असं मी किती वेळा सांगितलं.

"आणि तिला गटार आणि स्कूटरी दाखवू? माती हवी रे सुहास. पाय खाली टेकला की माती लागली पाहिजे."

रविवारी संध्याकाळी काकूंच्या कॉटपाशी पाहणीचा अहवाल सादर व्हायचा. मजल्यावरचे आम्ही सगळे चहाच्या निमित्ताने हजर असायचो, कारण त्याच्याइतकी करमणूक टीव्हीवर नव्हती. नौपाड्यातलं घर रिजेक्ट, कारण फणसाचं झाड नेमकं संडासावर झुकलेलं. "माणूस आत आणि फणस वर. पिकायची वाट बघत बसायचं?" विठ्ठलवाडीचं घर रिजेक्ट, कारण शेजारचा माणूस बासरी शिकत होता, "आणि त्याला ती या जन्मात यायची नाही." कल्याणचं घर मालकाच्या वारलेल्या सासऱ्यांमुळे रिजेक्ट. "भूतबीत नाही गं. पण रोज चारला ते पडवीत येऊन बसायचे म्हणे. आपण कशाला त्यांची जागा अडवा?"

काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. "बरं झालं हो, नाही घेतलंत ते," म्हणायच्या आणि पुढच्या रविवारची चौकशी करायच्या.

मी मात्र मनातून चिडायचो. ते नव्वदच्या आसपासचे दिवस होते. दर महिन्याला एखादं बैठं घर गायब होऊन तिथे पत्र्याचं कुंपण यायचं. चाळी जात होत्या, बंगले जात होते, आंबे-चिंचा मुळासकट जात होत्या. असली घरं संपत आली होती, काकू वर बसून झिजत होत्या, आणि हा माणूस लोकांचे फणस तपासत होता. इतकी वर्षं लोखंडातले दोष काढून याला चांगलं काही दिसेनासंच झालंय, असं माझं ठाम मत झालं होतं.

त्याच सुमारास काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एकट्याने जाऊ नका, असं म्हणून काकूंनी मला सोबत धाडलं. घर डोंबिवली पूर्वेला होतं.

घर बघितलं आणि मीच थांबलो. मंगलोरी कौलं, सागवानी दारं, पुढे-मागे मोकळी जमीन, विहीर, पपनस, दोन चिकू. मालक चाळिशीचा, हातात किल्ल्या फिरवणारा. काका नेहमीप्रमाणे आत जाऊन आडवे झाले, पण हॉलमध्ये नाही. मागच्या खोलीत, खिडकीपाशी. बराच वेळ हलेनात.

"काका, ओल आहे का?" मी विचारलं.

"ओल कसली? इथे तिची कॉट येईल. इथून विहीर दिसते रे. आणि दारापर्यंत उंबरासुद्धा नाही. तिला स्वतःच्या पायाने जाता येईल."

मग ते उठले. ओळंबा लावला, माळा पाहिला, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते नीट वाहून जातंय का पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी हलक्या आवाजात "पास" म्हणाले. मी जन्मात त्यांच्या तोंडून एका दमात इतके पास ऐकले नव्हते.

"आजोबा, घर कशाला बघत बसलात?" मालक हसला. "ते जाणारच आहे. प्लॉट बघा ना."

"मी पाडणार नाही," काका म्हणाले. "मला राहायचंय. मिसेसना जिना उतरता येत नाही. फंडाचे सगळे पैसे आहेत, कोकणातली जमीनही विकलीय."

"तुम्ही पाडणार नाही म्हणूनच जमत नाही हो. घराचा भाव तुम्ही द्याल. जागेचा भाव बिल्डर देतोय." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "टेन्शन नका घेऊ, आजोबा. चिकू घेऊन जा. आजींना द्या."

कुंपणाशी दोन माणसं टेप लावून जागा मोजत होती. काका त्यांच्याकडे बघत राहिले. चिकू त्यांनी घेतले नाहीत. "चिकू नेले तर तिला कळेल," एवढंच मला म्हणाले. बाटली मात्र भरून घेतली, कारण रिकामी नेली असती तर काकूंनी विचारलं असतं.

परत आल्यावर जिना चढताना काका दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबले. मला वाटलं, दम लागला.

"काय सांगायचं रे?" ते म्हणाले. "पाण्याचं नको. बाटली तिच्याच हातात जाणार, डाळ शिजली की पकडला जाईन. वाळवी मागे झाली. शेजारी झाला."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "म्हणजे विठ्ठलवाडीचा तो बासरीवाला..."

"कसली बासरी! शेजारी घरच नव्हतं. फार सुंदर जागा होती रे."

"आणि ते सासरे?"

"ठणठणीत आहेत. त्यांनीच मला चहा पाजला. बिल्डरला द्यायचं मालकाच्या पोरांचं ठरलं होतं." काकांनी चष्मा पुसला. "घर चांगलं होतं आणि मिळालं नाही, हे तिला किती वेळा सांगू? वाईट होतं म्हटलं की हसते तरी."

इतकी वर्षं मी या माणसाला खत्रुड म्हणत होतो. पण वर काकू अहवालाची वाट बघत होत्या, म्हणून मीही विचार करू लागलो. "माकडं सांगा," मी म्हणालो. "डोंगराकडून येतात म्हणावं."

"माकडं! पास," काका म्हणाले आणि वर गेले.

त्या दिवशीची माकडं मी विसरणार नाही. ती कौलं उडवत होती, पपनसं फेकत होती, एकाने तर मालकाच्या हातातल्या किल्ल्या पळवल्या. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगंबाई! बरं झालं हो, नाही घेतलंत ते." काका विजयी मुद्रेने पाय धुवायला आत गेले.

मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला, तशी काकूंनी मला जवळ बोलावलं.

"छान होतं ना रे घर?"

मला खोटं बोलवेना. मी मान हलवली. त्यांनी पदराने डोळे पुसले, या खेपेला नीट, आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना एखादं खरंच वाईट घर दाखव रे. जिन्यात किती वेळ उभे राहतात ते. मला इथे सगळं ऐकू येतं."