मुनाकशेची बदकं

ज्ञान हे जड अन्न आहे. रिकाम्या पोटी घेतलं तर ते बाधतं.

*

दमिएत्ता शहराच्या पद्धतीचं बदक म्हणजे ज्याच्या पोटात कांदा आणि मिरी ठासून भरली आहे असं बदक. कांदा नसेल तर तो नुसता पक्षी.

*

मांसाचा मऊपणा मोजायचं यंत्र पशुपालन विभागात आहे. त्या खोलीची किल्ली कुवेतमध्ये आहे.

*

‘हॉल क्रमांक दोनमध्ये खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’ (ही पाटी वाढपाच्या टेबलामागे आहे. टेबलावरची चादर अडकवायला तिचा खिळा उपयोगी पडतो.)

*

गल्लीत जिला सगळे कित्येक वर्षं ‘दुक्तूरा’, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणत होते, तिच्याकडे साधी मास्टर्सही नव्हती.

*

या पाच गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं ज्याला वाटतं, त्याचं उच्च शिक्षण अपुरं राहिलेलं आहे. आमच्या विद्यापीठात त्या एकाच दुपारी एका टेबलावर आल्या.

आमचं विद्यापीठ नाईल समुद्राला मिळते त्या बाजूला आहे. तिथे अनेक अभ्यासक्रम चालतात. काही तर वर्गातही चालतात. व्याख्यानांना हजेरी साधारण तीस टक्के असते. मुनाकशेला ती एकशे चाळीस टक्के असते. मुनाकशा म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा: संशोधकाने तीन परीक्षकांसमोर, आप्तेष्टांच्या साक्षीने, आपल्या प्रबंधाचा बचाव करायचा आणि मग सगळ्यांना जेवू घालायचं. क्रम उलटा झाला तरी चालतो. जेवण झालंच नाही तर मात्र कायदेशीर प्रश्न उभे राहतात. विद्यार्थी संघटनेच्या फलकावर मुनाकशांची यादी लागते आणि प्रत्येक नावापुढे विषयाऐवजी ‘मासे’, ‘महशी’ (म्हणजे भात भरलेल्या भाज्या), ‘नुसता ज्यूस’ असं लिहिलेलं असतं. ज्ञानाचं हे वर्गीकरण इतर कुठल्याही वर्गीकरणापेक्षा अचूक आहे. ‘नुसता ज्यूस’ला परीक्षकसुद्धा वेळेवर येत नाहीत.

इब्तिहालच्या नावापुढे ‘बदक’ लिहिलं होतं. विषय आणि जेवण एकच असण्याचा हा पहिला प्रसंग.

गल्लीची ‘दुक्तूरा’ इब्तिहाल कृषी महाविद्यालयात सहायक होती. तिच्या प्रबंधाचं शीर्षक: ‘खजुराच्या बियांचं पीठ आणि बदकाच्या मांसाचा मऊपणा’. सहायकाने ठरलेल्या मुदतीत मास्टर्स मिळवली नाही तर त्याला अध्यापनातून काढून कार्यालयात बसवतात, असा नियम आहे. कार्यालय म्हणजे विद्यार्थी विभागाची तिसरी खिडकी. तिथे आयुष्यभर ओळखपत्रांवर शिक्का मारायचा आणि ‘उद्या या’ म्हणायचं. काही लोकांना ते आवडतं. इब्तिहालला पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायला आवडायचं (ही विकृती पुढे बरी होते, पण तिची अजून झाली नव्हती). तिची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. म्हणजे ही मुनाकशा गेली की समोर खिडकी.

विभागाच्या बदकखान्यात डीनसाहेबांच्या जुन्या खुर्च्या ठेवल्या असल्यामुळे बदकं इब्तिहालच्या घरी गच्चीवर होती. अर्ध्यांच्या पायात निळं कडं, त्यांना बियांचं पीठ. अर्ध्यांच्या पायात लाल, त्यांना साधा दाणा. इब्तिहाल आठवडाभर विद्यापीठात असायची, म्हणून खायला घालायचं काम तिची आई, हाज्जा फौकिया, यांच्याकडे होतं.

मऊपणा मोजायच्या यंत्राचा तंत्रज्ञ कुवेतला नोकरीला गेला तो किल्ली खिशात घेऊन. विभागाने त्याला पत्र लिहिलं. त्याने उत्तरात नव्या गाडीचा फोटो पाठवला. मार्गदर्शक डॉ. वग्दी म्हणाले, “घाबरू नकोस गं. मुनाकशेला जिवंत बदकं आणून उभी करू. बाहेरचा परीक्षक बदकं बघतो, खूश होतो, आकडे विचारत नाही.”

म्हणून इब्तिहालने आईला बजावलं, “आई, ही बदकं मुनाकशेसाठी ठेवलीत हां, त्या दिवशी तूच घेऊन ये. तोवर कुणी हात लावायचा नाही.”

आणि हाज्जा फौकियांनी तोवर कुणाला हात लावू दिला नाही.

*

*इतिवृत्तातून:*

बाहेरचे परीक्षक डॉ. इस्मत हे कैरोहून येत असल्याने सभा उशिरा सुरू झाली. ते भुकेले आल्याने सभा थांबवण्यात आली. (येथे जागा कोरी सोडली आहे. त्या वेळी सगळे खात होते.) सभा पुन्हा सुरू झाली.

*

डॉ. इस्मत हे थोर परीक्षक आहेत. ते प्रबंध वाचत नाहीत; प्रबंध त्यांच्यासमोर आला की आपोआप उघडा पडतो. त्यांनी मुखपृष्ठावरचा एक स्वल्पविराम पकडला, समासाची रुंदी पकडली आणि अर्पणपत्रिकेत आईचं नाव वडिलांच्या आधी का, यावर सविस्तर बोलले. पहिल्या रांगेत हाज्जा फौकिया काळा रेशमी अबाया घालून, मांडीवर बसबूशाचं, म्हणजे पाकातल्या रव्याच्या वड्यांचं, तबक धरून, डोळे मिटून ऐकत होत्या. शेजारी गल्लीतल्या बाया. मागे कृषी, अभियांत्रिकी, साहित्य अशा सर्व शाखांचे विद्यार्थी हाडं चोखत ज्ञान घेत होते.

“ठीक,” डॉ. इस्मत रुमालाने बोटं पुसत म्हणाले. “आता नमुना दाखवा.”

“आत्ता आणते, सर.” इब्तिहाल पहिल्या रांगेकडे वळली. “आई, बदकं कुठंयत?”

“ती काय, टेबलावर.”

“ती नाही गं. गच्चीवरची.”

“गच्चीवरचीच आहेत. बाजारातली घालीन होय पाहुण्यांना?”

“आई!”

“काय आई? तूच म्हणालीस ना, मुनाकशेसाठी ठेवलीत म्हणून? मग? आज मुनाकशाच आहे ना? का लग्न आहे कुणाचं?”

“लग्नाचं नाव कशाला काढतेस आता?”

“काढलं तर चुकलं कुठं? तुझ्याबरोबरच्या सगळ्यांची पोरं शाळेत जायला लागली.”

गल्लीतल्या बायांनी माना हलवल्या. हॉलमध्ये शांतता पसरली. म्हणजे चावण्याचे आवाज तेवढे उरले. डॉ. इस्मत यांनी आपल्या ताटातल्या हाडाकडे पाहिलं.

“म्हणजे वग्दी, मी नमुना खाल्ला?”

“परीक्षण केलंत, बाशा,” डॉ. वग्दी म्हणाले.

“थट्टा सोडा. नमुना नाही तर प्रबंध नाही. नियम आहे. मला वाईट वाटतं, पोरी. बदक फारच छान झालं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.” त्यांनी प्रबंध मिटला आणि त्यावर ताट ठेवलं.

डॉ. वग्दी छताकडे बघू लागले. मार्गदर्शकाने संकटकाळी कुठे बघावं याचे संकेत ठरलेले आहेत. मागून कुणीतरी कुजबुजलं, “तिसऱ्या खिडकीला आता बरी माणसं मिळणार.”

इब्तिहालचा चेहरा पांढरा पडला होता. पण पहिल्या वर्षाच्या वर्गाला आठवड्यातून चारदा तोंड देणारा माणूस सहजी मरत नाही. ती म्हणाली, “सर, एक विचारू?”

“विचार.”

“मऊपणा मोजायचं यंत्र बंद आहे. आज तो तुम्ही तिघांनी मोजला. कुठला तुकडा कुठल्या गटाचा हे तुम्हांला माहीत होतं का?”

“मला कसं माहीत असणार? कडी तर पायांत होती, आणि पाय...”

“सूपमध्ये,” हाज्जा म्हणाल्या. “कडी काढून ठेवलीत बाई मी. चांगली आहेत, पडद्याला होतील.”

“मग सर, ही आंधळी चाचणी झाली. परीक्षकाला गट माहीत नसावा, हीच चाचणीची सर्वोच्च पायरी. तुमच्याच ‘संशोधन पद्धती’ पुस्तकात आहे. आठवा धडा.”

डॉ. इस्मत यांनी ताट प्रबंधावरून उचललं. स्वतःचं पुस्तक कुणी आठव्या धड्यापर्यंत वाचल्याची त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच नोंद होती. त्यांचे डोळे पाणावले (कांद्यात मिरी जास्त झाली होती हेही खरं).

“आठव्या धड्यात आणखी काय आहे?” त्यांनी दरडावून विचारलं.

“एका तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये, सर.”

“शाब्बास. वग्दी, तो डावीकडचा तंगडीचा तुकडा द्या.”

त्यानंतर जे झालं त्याला शुद्ध विज्ञान म्हणतात. परीक्षकांनी प्रयोगाची पुनरावृत्ती केली. नमुन्याची संख्या अपुरी पडते असं लक्षात आल्यावर विद्यार्थी संघटनेने स्वयंसेवक दिले. साहित्य शाखेच्या मुलांनी ‘मऊ’, ‘अतिशय मऊ’ आणि ‘आईच्या हातचं’ अशी त्रिस्तरीय मोजपट्टी तयार केली. साठ टक्के मतं तिसऱ्या स्तरात पडली, तीस टक्के दुसऱ्या स्तरात, आणि उरलेल्या वीस टक्क्यांनी भात वाढायला सांगितला.

मग समितीने उभं राहून निकाल वाचला: श्रेणी उत्कृष्ट, प्रबंध छापून इतर विद्यापीठांना पाठवावा अशी शिफारस. हाज्जा फौकियांनी जीभ तोंडात नाचवत अशी काही आनंदाची आरोळी ठोकली की शेजारच्या हॉलमधल्या ‘नुसता ज्यूस’वाल्या संशोधकाला आपणच पास झालो असं वाटलं. त्यालाही मग पास करावं लागलं. इब्तिहाल खाली बसली आणि बसबूशाच्या तबकावर डोकं ठेवून रडली.

“अगं, बसबूसा!” हाज्जा म्हणाल्या.

विद्यापीठाने या प्रसंगाची गंभीर दखल घेतली. यापुढे प्रत्येक संशोधनाचा नमुना समितीला प्रत्यक्ष सेवन करता यावा, असं परिपत्रक निघालं. मत्स्यशास्त्र विभागाने त्याचं स्वागत केलं. इतिहास विभागाने शंका विचारल्या. भूगर्भशास्त्र विभागाने मुदत मागून घेतली आहे.

आता तुमच्याबद्दल. खजुराच्या बियांनी मांस खरोखर मऊ होतं का, हा प्रश्न त्या हॉलमध्ये एकाही माणसाने विचारला नाही. तुम्हीही विचारला नाहीत. शीर्षक तुम्हांला सांगितलं होतं, निळी कडी सांगितली होती, लाल सांगितली होती. तुम्हांला फक्त पोरगी पास झाली का एवढंच हवं होतं, आणि मधेच थोडी भूकही लागली. परीक्षक होण्यासाठी आमच्याकडे याहून जास्त पात्रता लागत नाही. अर्ज करून ठेवा.

पहिल्या आठवड्यापासून सगळी बदकं घरातला उरलेला भातच खात होती. बियांचं पीठ हाज्जा फौकिया कुंडीतल्या लिंबाला घालत होत्या.