भागीवयनींची फणसपोळी

भागीवयनी बंदरावर फणसपोळी विकत, पण सगळ्यांना विकत नसत. गिऱ्हाईकाची आधी तोंडी परीक्षा व्हायची. "दात धड आहेत ना? चावून खायची. नुसती गिळायची असेल तर घरी जाऊन पेज पी!"

एकदा खोतांच्या जावयानं पोळी नाकाशी नेली. वयनींनी ती हातातून काढूनच घेतली. "हुंगायला अत्तर घ्या, जावईबापू. ही खायची वस्तू हाय." तिकडे आगबोटीचा भोंगा वाजत होता. बिचारा विनवण्या करून पोळी घेऊन पळाला.

मी मास्तरांची बायको म्हणून दापोलीकडच्या त्या गावात गेले, तेव्हा आमची घरं शेजारी होती. वयनींचा नवरा मुंबईला गिरणीत, एकुलती मुलगी खेडकडे दिलेली. जमीन कातळाची, तिथलं भात होळीपर्यंतही पुरायचं नाही. दारात मात्र बरके फणस मोप. त्यातून हा धंदा निघाला.

खोत म्हणाले, "बाईमाणसानं बंदरावर बसायचं?"

"बसत नाय, उभी ऱ्हाते," वयनी म्हणाल्या. आणि बोटीच्या दिवशी खरोखरच टोपली डोक्यावर घेऊन उभ्या राहत.

मे महिन्यात त्यांच्या अंगणात वाडीतल्या चार बायका जमत. गरे बांबूच्या रोवळीवर घासून रस काढायचा, तेल लावलेल्या सुपांवर पसरायचा, उन्हात वाळवायचा. वयनींना कुणाचंच काम पसंत नसे. "सोंद्रे, पोळी पसरतेस की अंगण सारवतेस?" सोंद्राही ऐकून घेणारी नव्हती. दिवसभर नुसता गलका. आमच्या घरात मास्तरांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचावं लागे.

अशाच एका दुपारी मुंबईचा एक व्यापारी आला. वयनींची पोळी त्यानं मुंबईत चाखली होती. म्हणाला, "बाई, झाडावरचे फणसच मला द्या. पोळी मी माझ्या माणसांकडून करवीन. घासणं नाही, वाळवणं नाही. घरबसल्या याहून जास्त मिळेल."

बायकांचे हात थांबले. सोंद्रा तर खालीच बघू लागली.

वयनींनी व्यापाऱ्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग म्हणाल्या, "माझे फणस तापट हायत. परक्याच्या हातात नासतील." आणि त्याला बांधापर्यंत घालवून आल्या.

संध्याकाळी बायका गेल्यावर मी रागावूनच विचारलं, "वयनी, एवढा आराम चालून आला होता! या चौघींशी रोज भांडता, तो तरी ताप वाचला असता."

त्या सुपं उचलत होत्या. हसल्या.

"मास्तरीणबाय, पोळी मी एकटीसुद्धा करीन. यांच्यापेक्षा बेस करीन." मग अंगणाकडे बघत म्हणाल्या, "पण फणस गेले तर माझ्या दारात कोण येईल गो?"

मी पदर खोचला आणि उरलेली सुपं उचलायला लागले.

"सरळ धर," वयनी ओरडल्या. "तुझ्या मास्तरानं काय शिकवलंन तुला!"