बारशाला वेळेवर

"अहो, आज रस्त्यात कुणाशी भांडू नका. एवढं एकच करा माझ्यासाठी," सुमेधानं गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी कशाला भांडू? लोक भांडायला लावतात," प्रशांत म्हणाला आणि सोसायटीच्या वॉचमनला उद्देशून हॉर्न दाबला. वॉचमन बिचारा गेट उघडतच होता.

डोंबिवलीला प्रीतमच्या मुलाचं बारसं होतं. प्रीतम म्हणजे सुमेधाचा एकुलता एक भाऊ. लग्नाला कितीतरी वर्षं उलटल्यावर, डॉक्टरांचे उंबरठे झिजवून झिजवून त्याच्या घरी पाळणा हलला होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या बाळाला आत्या एकच. नावही ताईनंच ठरवायचं, असं प्रीतमनं सांगून ठेवलं होतं. सुमेधानं ते ठरवलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. महिनाभर स्वयंपाक करताना ती पाळणा गुणगुणत होती. तिला आज वेळेवर पोचायचं होतं, आणि तिला वेळेवर पोचवायचंच असा प्रशांतनं पण केला होता. सगळं बिघडलं ते या पणामुळेच.

एरवी प्रशांत म्हणजे गरीब गाय. ऑफिसात कुणी त्याच्या डब्यातली भाजी संपवली तरी बोलायचा नाही. पण स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या अंगात यायचं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याला उशीर करण्यासाठीच सकाळी अंघोळ करून घराबाहेर पडलाय, अशी त्याची पक्की समजूत होती. मागचा आरसाही तो फक्त आपल्या पुढे जायची हिंमत कोण करतंय, ते बघायला वापरायचा.

पुढच्या सीटवर बाळासाठी घेतलेला लाकडी घोडा बसला होता. सुमेधा घोड्याला जागा देऊन प्रशांतच्या बरोब्बर मागे बसली होती. मुंब्रा बायपासवर दोन ट्रक आणि एका बसचा उद्धार झाला.

शिळफाट्याला सिग्नल लाल झाला. पुढे एक स्कूटर. तिच्यावर साठीतले एक गृहस्थ, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला, पायाशी बाजाराची पिशवी. ते पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबले. आजूबाजूनं रिक्षा, टेम्पो, बाइकवाले लाल दिव्याखालून खुशाल चालले होते. प्रशांतनं हॉर्न दाबून धरला. मग काच खाली केली.

"काका, चला की. रस्ता मोकळाय."

"सिग्नल लाल आहे, भाऊ."

"तुमच्या एकट्यासाठीच लावलाय का?"

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. मला तरी दिसतोय."

यावर प्रशांतनं गाडी जराशी पुढे घेतली. नुसती भीती दाखवायला, असं तो पुढे सगळ्यांना सांगत होता. गाडी स्कूटरच्या मागच्या चाकाला टेकली, स्कूटर डगमगली, पिशवी आडवी झाली आणि त्यातली लिंबं घरंगळत सगळ्या शिळफाट्यावर पसरली.

प्रशांत दार उघडून उतरला. "काका, नीट चालवता येत नाही का तुम्हाला?"

"मी चालवत नव्हतो. मी उभा होतो."

"तेच तर. उभं राहायला रस्ता आहे का हा?"

आता हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारून घेईल. सुमेधानं तेही केलं आणि मोबाइलसकट पर्स सीटवर टाकून खाली उतरली. "काका, माफ करा हो. आमच्याकडे बारसं आहे, म्हणून जरा घाई चाललीय," असं म्हणत तिनं पदर खोचला आणि लिंबं गोळा करायला बसली. नेमका तेव्हाच सिग्नल हिरवा झाला. मागच्या साऱ्या गाड्या एकदम ओरडायला लागल्या. प्रशांत धावत सीटवर येऊन बसला. शेजारून घुसणाऱ्या एका रिक्षावाल्याला मागचं उघडं दार आडवं येत होतं. त्यानं हात बाहेर काढून ते धाडकन लावून दिलं.

"दार जरा हळू लाव ना. माझ्यावरचा राग गाडीवर कशाला काढतेस?" प्रशांत म्हणाला आणि त्यानं गाडी सोडली.

सुमेधा त्या वेळी एका टेम्पोच्या चाकापाशी गेलेलं लिंबू काढत होती.

"बोलू नकोस. तू काय म्हणणारेस ते मला माहितीये," प्रशांत पुढे बघत म्हणाला. मागून उत्तर आलं नाही. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. तो भांडला की मुक्कामी पोचेपर्यंत बायको तोंड उघडायची नाही, ही त्यांच्या घरची रीतच पडली होती. तो सवयीनं बाजू मांडत राहिला. म्हातारा कसा आडमुठा होता, लिंबं कशी पिशवीत नीट बांधलेली नव्हती, वगैरे. आज मौन जरा जास्तच कडक होतं. एक हुंकार नाही, बांगडी वाजत नाही.

कटई नाक्याला गाड्या थांबल्या तेव्हा त्याचा धीर सुटला. "बरं बाई, चुकलंच माझं," तो म्हणाला. "त्या काकांना धक्का द्यायला नको होता. पण मी ही सगळी मरमर करतो ती तुझ्यासाठीच ना? तू महिनाभर तो पाळणा म्हणतेयस, मला काय ऐकू येत नाही? तुझा मान हुकला असता तर मला रात्रभर झोप लागली नसती. सुमेधा, तुझ्यासारखी बायको मिळाली हे माझं नशीब. बोलत नाही मी कधी, पण आहे." लग्न झाल्यापासून त्यानं बायकोची अशी माफी मागितली नव्हती, आणि मागितली ती एका पर्सची.

मुहूर्ताला चांगला अवकाश ठेवून गाडी मानपाडा रोडवरच्या हॉलपुढे लागली. प्रशांतची छाती फुगली. प्रीतम धावत आला, त्यानं मागचं दार उघडलं, वाकून आत बघितलं, मग सीटखालीही बघितलं.

"दाजी, ताई कुठाय?"

"मागे काय, बसलीय ना रुसून."

"मागे पर्स बसलीय."

प्रशांतनं मान वळवली. आयुष्यात एवढ्या सावकाश त्यानं काहीच केलं नसेल. प्रीतमची बायको प्रियांका बाळाला घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "दाजी, तुम्ही इथंच थांबा. ताईंना हॉल माहितीये, रिक्षा करून येतीलच त्या," ती म्हणाली.

यात न समजण्यासारखं काय होतं? पण थांबणं हा प्रकार प्रशांतला जमतच नव्हता. घोडा फुटपाथवर उतरवून, पर्स प्रीतमच्या हातात कोंबून तो निघालाच. अर्ध्या वाटेत, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांपलीकडून, समोरच्या बाजूनं ती स्कूटर येताना त्याला दिसली. लिंबूवाले काका अगदी बैलगाडीच्या चालीनं चालवत होते आणि मागे सुमेधा, पिशवी मांडीवर घेऊन, इकडेतिकडे बघत निवांत बसली होती. प्रशांतनं हॉर्नवर हॉर्न दिले. काकांनी मान हलवून मागे काहीतरी सांगितलं. कुणीतरी घाईत दिसतोय, असं ते म्हणाले होते, हे त्याला मागाहून कळलं.

पत्र्यांमुळे वळायला जागा नव्हती. थेट शिळफाटा गाठावा लागला. तिथून वळला तर समोर गाड्यांची ही रांग, मुंगीही शिरणार नाही. एक कंटेनर आडवा अडकला होता. प्रशांतनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. फोन वाजला. प्रीतमचा व्हिडिओ कॉल.

"दाजी, ताई आली. मुहूर्त झाला, तुमच्यासाठी थांबता येत नाहीये. इथूनच बघा."

पडद्यावर फुलांनी सजवलेला पाळणा दिसत होता. बायका बाळाला पाळण्याखालून वरून देत "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत होत्या. सुमेधा वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि ती हसत हसत सरळ होऊन मोठ्यानं नाव सांगणार, तोच मागच्या ट्रकनं हॉर्न दाबून धरला. त्याच्या मागच्यानंही धरला. प्रशांतला सुमेधाचे ओठ हलताना दिसले, बस्स.

"दाजी, आता तरी हॉर्न सोडा," प्रीतमचा आवाज आला. "इथं कुणाला काही ऐकू येईना."

"अरे, हा माझा नाहीये," प्रशांत कळवळून म्हणाला. पण त्यावर कोण विश्वास ठेवणार? फोन बंद झाला. गाडीत बसल्या बसल्या त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायलाही त्याला भरपूर वेळ मिळाला.

तो हॉलवर पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या. बाळ झोपलं होतं, उठवायचं नाही अशी प्रियांकाची ताकीद होती. जावयाच्या मानाच्या पाटावर लिंबूवाले काका शेवटची जिलबी संपवत होते. तानाजीकाका त्यांचं नाव. त्यांनी प्रशांतला बघून शेजारी जागा केली. "बसा, भाऊ. सावकाश जेवा," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, पण लागायचा तिथं लागला.

हात धुऊन प्रशांत सुमेधापाशी गेला. ती रागावलेली नव्हती, हेच त्याला जास्त भीतीदायक वाटलं.

"नाव काय ठेवलं?"

"ऋतुराज."

"छान आहे." मग तो म्हणाला, "मी कटई नाक्याला तुझी माफी मागितली होती."

"मी नव्हते तिथं."

"ते कळलं मला नंतर."

सुमेधा घुगऱ्यांच्या पुड्या बांधत होती. "काकांनी फार हळू आणलं हो," ती म्हणाली. "खिडकाळीला देऊळ आहे, माहितीये? शेजारी केवढं तळं आहे. इतकी वर्षं या रस्त्यानं माहेरी येतेय, मला आज दिसलं."

"ते कायमच आहे तिथं."

"असेल. मी तुमच्या गाडीत डोळे मिटून बसते ना. उघडते ते इथं येऊन."

प्रशांत तिच्याकडे बघतच राहिला. "मला वाटायचं तुला झोप लागते," तो म्हणाला. "मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो. माझ्या ड्रायव्हिंगवर बायकोचा इतका विश्वास आहे की गाडीत बसली की झोपते."

"सांगू द्यावं म्हटलं," सुमेधा म्हणाली.

निरोप घेऊन दोघं खाली आली. आता घोडा नव्हता, त्यामुळे सुमेधा पुढे बसली. प्रशांतनं तिच्यासाठी दार उघडलं, तिचा पदर आत सारला, दार हळूच लावलं.

"आज एकदम सावकाश नेतो बघ," तो म्हणाला. "हॉर्नला हातसुद्धा लावत नाही. त्या तळ्यापाशी थांबू आपण."

"हो, थांबू की," सुमेधा प्रेमानं म्हणाली. तिनं पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि डोळे घट्ट मिटले.

प्रशांत अजून खिशात किल्ली शोधत होता.