तीन नंबरची बाळंतीण

मालन सिस्टर माणसं जन्माच्या वजनावरून ओळखतात. पलूसच्या बाजारात त्यांची स्कूटर एकदा उलट्या बाजूनं आली आणि पोलिसानं अडवली. सिस्टरांनी चष्मा वर करून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "दोन किलो शंभर," त्या म्हणाल्या. "रडायला लय वेळ लावलास रं. पाठीवर चापटी मारली तवा कुठं तोंड उघडलंस." पोलिसानं इकडेतिकडे पाहिलं, शिट्टी खिशात घातली आणि त्यांना वाट करून दिली.

मी त्यांचा शेजारी. छत्तीस वर्षांपूर्वी मी पायांकडून जन्मलो, म्हणून त्या मला आजही पायाळू म्हणतात. सरकारी दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "कवा करायचं?" असं त्या उलट विचारतात. एकदा पाहुणे बघायला आले होते. पोह्यांचा ट्रे हातात असतानाच दारात बैलगाडी थांबली. सिस्टर ट्रे ठेवून गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी परतल्या तेव्हा पाहुणे गेले होते. "पोहे बी संपलं हुतं," असं त्या सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी मासे आणले. पुढच्या खोलीत तीन टाक्या आहेत. पहिली जनरल वॉर्ड, दुसरी बाळंतिणींची, तिसरी बाळांची. मासे पिलांना जन्म देणाऱ्या जातींचेच आहेत. अंडी घालणारे त्यांना चालत नाहीत. "त्यात सिस्टरचं काय काम?" खोलीत चप्पल चालत नाही, मोठ्यानं बोलणं चालत नाही. टाकी साफ करायला सलाइनची नळी आहे. माशांना नावं नाहीत, नंबर आहेत. तीन नंबर म्हणजे काळी मॉली, अंगानं भरलेली आणि स्वभावानं तिरसट.

गेल्या हिवाळ्यात अकरा निवृत्त सिस्टरांनी कन्याकुमारीची सहल ठरवली. नऊ दिवसांची. मालन सिस्टरांनी पैसे भरले आणि नेमके तेव्हाच तीन नंबरचे दिवस भरले. त्या सहल रद्द करायला निघाल्या.

"जावा ओ सिस्टर," माझी आई म्हणाली. "जल्मात एकदा निघालाय. मासंच तर हायत."

"मासंच?" सिस्टरांनी असं विचारलं की आई भाजी निवडायला आत गेली.

शेवटी जबाबदारी माझ्याकडे आली. त्यांनी मला खाद्याचा डबा दिला नाही, तो कपाटात घालून किल्ली सोबत नेली. मला मिळाल्या कागदाच्या पुड्या, दवाखान्यात पूर्वी चूर्णाच्या मिळत तशा. प्रत्येकीवर वार आणि वेळ. बाळांसाठीचं खाद्य पिठासारखं बारीक केलेलं, चिमटीच्याही चिमटीएवढं.

"एवढ्यानं काय होणार?" मी म्हणालो.

"उपाशी मेलेला मासा मी अजून बघितला न्हाई. खाऊन मेलेलं लय बघितल्यात. पुडीभाईर एक कण न्हाई. समजलं का पायाळू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबर बाळंत झाली. मी व्हिडिओ कॉल लावला. सिस्टर मदुराईजवळ बसमध्ये होत्या.

"आईला आधी उचल. वाटीनं उचल, जाळीनं न्हाई. हिला बाळाजवळ ठेवायची नसती, ही खाती."

"पायाकडनं आलं का डोक्याकडनं?" मागून कुणीतरी विचारलं. मग बाकीच्या दहाही सिस्टर एकदम बोलू लागल्या. एकीनं गरम पाणी तयार ठेवायला सांगितलं.

"गप बसा गं!" मालन सिस्टर म्हणाल्या. "किती झाली रं?"

"मोजता येईनात. सारखी हलतायत."

"हलत्यात म्हंजे बरी हायत. मोज."

तीन वेळा मोजून मी सत्तावीस आकडा सांगितला. बसमध्ये टाळ्या वाजल्या.

त्या दिवशी मी कामानिमित्त सांगलीला गेलो. किल्ली आईकडे दिली आणि दार उघडू नको, एवढंच सांगायचं विसरलो. सिस्टरांच्या घरी बाळंतपण झालं, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. संध्याकाळी बायका बाळं बघायला आल्या. आईनं दार उघडलं. बाळ बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. जाधववहिनींनी शेव आणली. सुतारकाकूंनी बाळंतिणीसाठी भाजून कुटलेली खसखस आणली. आईनं डिंकाच्या लाडवाचा तुकडा कुस्करला. बाळांची टाकी कोणती आणि बाळंतिणीची कोणती, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकीनं सगळीकडे थोडं थोडं टाकलं.

सकाळी मी गेलो तेव्हा मोठ्या माशांनी आपापल्या टाकीतलं सगळं फस्त केलं होतं, पण बाळांच्या टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. पिलं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती. काही तळाशी होती आणि हलत नव्हती. मी फोन लावला.

त्या ओरडल्या नाहीत. "पांढरं किती? तळ दिसतो का?" आवाज सपाट होता. नळीनं तळातली घाण ओढायची, तीन भागांतला एक भाग पाणी काढायचं, बादलीतलं कालचं शिळं पाणी हळूहळू सोडायचं, हवेची मोटर पूर्ण वाढवायची, दिवसभर सगळ्या पुड्या बंद. त्या एकेक वाक्य सांगत होत्या, मी करत होतो. बसमध्ये या वेळी कुणी बोलत नव्हतं.

"गेली किती?"

"काही गेली."

"काही म्हंजे?"

"नऊ."

"बरं," त्या म्हणाल्या. "दुपारी परत एक भाग काढ."

उरलेले दिवस मी पाणीच बदलत होतो. आई रोज विचारायची, "बाळं बरी हायत न्हवं?" मी पाणी बदलतोय, एवढंच सांगायचो. तिनं पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही.

नवव्या दिवशी सिस्टर पिशवी हातात घेऊनच टाकीसमोर उभ्या राहिल्या. बोटानं मोजलं. अठरा.

"पुडीभाईर कुणी टाकलं?"

दोष माझ्यावर घ्यायचं मी ठरवलं होतं. पण त्यांच्यासमोर खोटं टिकत नाही. "गल्लीतल्या बायका आल्या होत्या," मी म्हणालो. "बाळं बघायला."

"कुणाची बाळं?"

"तुमच्याकडची."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. पिशवी मांडीवरच होती.

"म्हंजे हितं? माझ्या घरी?"

"हो. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून प्रत्येकीनं काहीतरी आणलं."

"कोण कोण?"

मी नावं सांगितली, आईचंही. कुणी काय आणलं तेही सांगितलं.

"परत सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्या टाकीकडे बघत ऐकत होत्या.

"शेवेचा पुडा नवीन फोडलेला का घरात उरलेला?"

"नवीन. दुकानातून आणला होता म्हणे."

त्यांनी मान हलवली. मग उठल्या, तोंड धुतलं आणि चहाला आधण ठेवलं.

तेवढ्यात आई कुंपणापाशी आली. नऊ दिवसांनी भेटलेल्या शेजारणीला ती प्रवासाचं काहीच विचारेना. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"सिस्टर, बाळं कशी हायत ओ?"

मालन सिस्टर खिडकीत आल्या. एकदा माझ्याकडे बघितलं.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "सगळी बरी हायत. आत या की, बघायला."