एक शून्य वाढवणारे गायकवाड सर

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा असला की गायकवाड सर आधी खुर्चीवरून उठायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि ऑफिसभर प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगायचे, "दोन मिनिटं बंद राहील. काही लिहीत असाल तर जपून ठेवा." ऑफिसात चाळीस माणसं. एक मेल टाकली असती तरी भागलं असतं. पण सरांचं म्हणणं असं की मेल वाचणारा माणूस लिहीत नसतो आणि लिहिणारा माणूस मेल वाचत नसतो. मग परत येऊन, उभ्यानेच, ते ती एक कमांड द्यायचे. शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे. दोन मिनिटांनी पुन्हा प्रत्येक टेबलापाशी, "झालं. बसा." बसलेल्या माणसांनाही.

मी ओमानमधल्या रुसैलच्या या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले, तेव्हा सर तिथे अकरा वर्षांचे जुने होते. कंपनीचं एक अंतर्गत पोर्टल होतं. हजेरी, रजेचे अर्ज, पगाराच्या पावत्या सगळं त्यावर. ते पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेलं होतं. या भाषेची सगळी शिस्त एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते: एखाद्या पानाने किती सेकंद काम करायचं, किती मेमरी खायची, किती मोठी फाइल आत घ्यायची, आत आलेल्या माणसाला किती वेळ ओळखायचं. शेकडो ओळी. ती फाइल सरांच्या ताब्यात होती. माझा कोड मी लिहायचा, पण तो कुठल्या मर्यादेत चालेल ते सर ठरवायचे.

सर्व्हरची खोली म्हणजे मागच्या बाजूची एक बिनखिडकीची खोली. बाहेर पंचेचाळीस अंशांत डोंगर धुरकट दिसायचे आणि आत सर स्वेटर घालून बसलेले. दुपारी मी तिथे मुद्दाम काम काढून जायची. पंख्यांची ती एकसुरी घरघर ऐकताना डोळ्यांवर झापड यायची, आपण कुठल्या देशात आहोत ते विसरायला व्हायचं. सर मधेच स्वतःशी पुटपुटायचे, "आधी काय होतं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. कुठलाही आकडा बदलण्याआधी तो आधी काय होता, ते त्याच ओळीवर लिहून ठेवायचे. मराठीत. अर्धविराम टाकला की पुढचं यंत्र वाचत नाही, म्हणून फाइलभर अर्धविराम आणि त्यापुढे सरांचं मराठी. 'आधी १२८ होते. २५६ केले. कारण गोदामाचा अहवाल मधेच मरतो.' पुढे खाली सही, मि. गा.

पहिल्याच आठवड्यात माझा एक अहवाल मेमरी कमी पडून अडकला. मी सरांना म्हटलं, मर्यादा काढूनच टाका ना, अमर्याद करा. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अमर्याद हा आकडा नाही, सायलीताई. तो आळस आहे."

आणि खरंच, माझ्याच कोडमध्ये एक यादी विनाकारण दोनदा भरली जात होती.

त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळणार कसं? हा नियम ते सर्व्हरपुरता ठेवत नसत. चहा करणाऱ्या केरळच्या राजन चेट्टांना, म्हणजे राजनदादांना, त्यांनी आलं वाढवायला सांगितलं, तर साखर कमी करायचं तीन दिवसांनी सांगितलं. नवा चष्मा आला तेव्हा नवे बूट महिनाभर खोक्यात ठेवले, कारण डोकं दुखलं तर चष्म्याने की बुटांनी? राजन चेट्टा हिंदीत म्हणायचे, हा माणूस एका वेळी एकच पाय उचलून चालतो. मी म्हटलं, चेट्टा, सगळेच तसं चालतात.

आणि चुका. पोर्टलमध्ये काही बिघडलं की त्याचा तपशील पानावर दिसू द्यायचा की नाही, याचीही त्या फाइलीत एक ओळ असते. ती सरांनी पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती. चुका मुकाट्याने एका नोंदीच्या फाइलीत जायच्या आणि सर सकाळी आल्याआल्या त्या वाचायचे, दुसरे लोक वर्तमानपत्र वाचतात तशा. "चूक वहीत लिहायची. चारचौघांत ओरडायचं नाही." अकरा वर्षांत त्यांनी कुणाला सगळ्यांसमोर बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

असं सगळं संथ चाललं असताना एक तक्रार आली. कामगारांच्या निवासातल्या कॅन्टीनमध्ये एक सामाईक संगणक होता, तिथून कामगार रजेचे अर्ज भरत. दत्ताराम नावाच्या एका साच्यावरच्या कामगाराचा अर्ज म्हणे दरवेळी पुसला जात होता. तीनदा झालं होतं. मी नोंदी बघितल्या, चूक काहीच नव्हती. मी लिहून टाकलं की वापरणाऱ्याची चूक असावी. सरांनी ते वाचलं. गुरुवारी संध्याकाळी कामगारांची बस निघाली तेव्हा मला म्हणाले, "चला, बघून येऊ. नोंदीत माणूस दिसत नाही."

कॅन्टीनच्या कोपऱ्यात दत्ताराम बसला होता. पन्नाशीचा, कणकवलीकडचा, हातांना रेझिनचे डाग. माझं माहेर कुडाळ, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकून मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. तो एका बोटाने लिहीत होता. एक अक्षर शोधायचा, दाबायचा, मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहायचा. बाहेर उन्हं उतरत होती, उघड्या डोंगरांचा रंग तपकिरीतून जांभळा होत होता, आणि आम्ही दोघं त्याच्यामागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. अर्जात नाव, नंबर, तारखा आणि शेवटी एक मोकळा चौकोन होता, 'रजेचे कारण'. बाकीचे लोक तिथे 'घरी काम' लिहून मोकळे होत. दत्तारामने सुरुवात वडिलांपासून केली होती.

हळूहळू आम्ही ते वाचलं. भावाशी त्याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आता भावाचा फोन आला होता. म्हणाला, घर शाकारायचंय, कौलं जुनी झालीत, पावसाआधी ये. एवढंच. पण नऊ वर्षं का बोलणं नव्हतं ते सांगितल्याशिवाय हा फोन केवढा मोठा आहे ते साहेबाला कसं कळणार, असं दत्तारामला वाटत होतं. म्हणून तो लिहीत होता. लिहून झालं, त्याने बटण दाबलं, आणि पडद्यावर पुन्हा लॉगिनचं पान आलं. चौकोन कोरा.

दत्ताराम रागावला नाही. हसला आणि म्हणाला, "ऱ्हवांदे सायबानू. नशिबात नाय."

माझ्या तोंडावर आलं होतं, अहो थोडक्यात लिहा की. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि ते तोंडातच राहिलं. परतताना त्यांनी मला समजावलं. पोर्टल माणसाला फक्त एक हजार चारशे चाळीस सेकंद ओळखत होतं, म्हणजे चोवीस मिनिटं. तेवढ्यात एकही पान पुढे सरकलं नाही, तर त्याला वाटायचं माणूस उठून गेला. आकडा मुळातच तो होता, इतक्या वर्षांत बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. "मलासुद्धा," सर म्हणाले.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, त्यांनी त्या आकड्यापुढे एक शून्य वाढवलं. चौदा हजार चारशे, म्हणजे चार तास. सगळ्या टेबलांवर फिरून आले, सर्व्हर चालू केला, आणि काहीही झालं नाही. चोवीस मिनिटांनी पोर्टल पुन्हा माणसाला विसरलं. सर दोन दिवस त्या खोलीतून बाहेर आले नाहीत. राजन चेट्टांचा चहा दारातच थंड व्हायचा. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या मशीनवर तशा फाइली दोन होत्या, एक वेबसाठी, एक हाताने कमांडा चालवण्यासाठी. सरांनी दुसरीच बदलली होती. आणि हेच सर सगळ्या नवशिक्यांना पहिल्या दिवशी बजावायचे, फाइल बदलण्याआधी ती वाचली जातेय का ते बघा. त्यांनी सगळ्या ऑफिसला मेल पाठवली की चूक माझी आहे, दोन मिनिटं उगाच बंद ठेवलं, क्षमस्व. सरांनी ऑफिसला पाठवलेली ती पहिली मेल. नियमाप्रमाणे ती कुणीच वाचली नाही.

मग बरोबर फाइल बदलायच्या आतच सुरक्षा बघणाऱ्या माणसाने हरकत घेतली. सामाईक संगणकावर चार तास ओळख उघडी ठेवायची, आणि एक उठला की दुसरा त्याच्या नावाने काहीही करील. त्याचं बरोबरच होतं. मॅनेजर म्हणाले खलास, आहे तसं ठेवा. मी सरांना पहिल्यांदा हट्ट करताना पाहिलं, तोही आवाज न चढवता. त्यांनी माझ्याकडून पानावर हाताएवढं मोठं लाल बटण करून घेतलं, 'उठताना हे दाबा', पाच भाषांत. मग आठवडाभर रोज संध्याकाळी कामगारांच्या बसने कॅन्टीनला जाऊन एकेका माणसाला ते दाबायला शिकवलं. शेवटी मॅनेजर म्हणाले, इन्शाल्ला, बघू. सरांनी विचारलं, म्हणजे किती दिवस? मॅनेजरना हसू आलं आणि परवानगी मिळाली.

दत्तारामचा पाचवा अर्ज पोहोचला. लिहायला पावणेदोन तास लागले होते. रजा मंजूर करणाऱ्या मरियम बाई ओमानी, त्यांना मराठी येणार कुठून. त्यांनी सरांना बोलावून काय लिहिलंय ते विचारलं. सरांनी सांगायला घेतलं, वडिलांपासून, एकही ओळ न गाळता. काचेच्या पलीकडून मला दिसत होतं, मरियम बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग फोन उलटा ठेवला. दत्तारामने पंधरा दिवस मागितले होते. बाईंनी एकोणीस दिले.

पुढच्या वर्षी कंपनीने तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. छान होतं, मोबाइलवर चालायचं, मर्यादा सगळ्या दुसऱ्या कुठल्यातरी देशात कुणीतरी ठरवलेल्या. रजेच्या कारणासाठी चौकोन नव्हता, चार पर्याय होते, त्यातला एक निवडायचा. जुने अर्ज नव्या जागी हलवायचं काम माझ्याकडे आलं. एकेक ओळ तपासत जाताना मला मि. गायकवाड हे नाव दिसलं. तेरा-चौदा वर्षांत सरांनी वर्षाच्या ठरलेल्या रजेखेरीज एकच अर्ज केला होता, दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, चार दिवसांचा. कारणाच्या चौकोनात एकच शब्द, 'घरगुती'.

मला तो मार्च आठवत होता. मी तेव्हा नवीन होते. सर चार दिवस नव्हते आणि पाचव्या दिवशी स्वेटर घालून जागेवर होते. कसं होतं विचारलं तर म्हणाले, पुण्यात उकडायला लागलंय. त्यांची बायको पुण्याला असते एवढं मला माहीत होतं. असते, हे मी पुढेही तसंच धरून चालले होते.

मी कुणाला काही विचारलं नाही. ती ओळ जशी होती तशी हलवली.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्चमधल्या एका शुक्रवारी, सरांचा फोन आला. आम्ही दोघंही अल मवालेहला, दोन गल्ल्यांच्या अंतराने राहत होतो. त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, रुसैलच्या निवासापर्यंत सोडाल का म्हणून विचारत होते. सुट्टीच्या दिवशी तिथे काय, असं माझ्या मनात आलं. वाटेत त्यांनी भाजीबाजारापाशी थांबायला लावलं. पपया घेतल्या, दोन्ही हातांनी दाबून बघत, एकेक, खूप वेळ. दाढी केलेली नव्हती. सरांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

निवासाच्या मागच्या भिंतीची सावली पडली होती, तिथे पाच-सहा माणसं बसली होती. मधे एक रिकामी खुर्ची. तेव्हा मला उलगडलं. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून सर दर शुक्रवारी इथे येत होते. लोकांना जे चार पर्यायांत बसवता येत नव्हतं ते इथे सांगत, आणि सर ऐकत. अर्ज करायचा असो नसो. कुणाला मरियम बाईंना काही कळवायचं असलं तर सर सोमवारी जाऊन तोंडी सांगत. एवढंच.

मी पपया उतरवून निघणारच होते. दत्ताराम उठला, पिशवी घेतली आणि सरांच्या तोंडाकडे बघत थांबला.

"सायबानू, आज उशीर कित्याक झालो?"

सरांनी उत्तराला तोंड उघडलं. मला वाटलं, गॅरेजचं सांगतील, बाजारातल्या गर्दीचं सांगतील. त्यांनी ते सांगितलं नाही. खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले.

"आज सकाळी उठावंसंच वाटलं नाही, दत्ताराम. माझी मिसेस गेली त्याला आज तीन वर्षं झाली."

एकाने पाण्याची बाटली पुढे केली. दत्तारामने पपयांची पिशवी भिंतीशी ठेवली, आपली खुर्ची ओढून सरांच्या समोर आणली आणि बसला.

"नाव काय बाईंचा?"

"सुमन," सर म्हणाले. आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पिंपरीतल्या एका टायपिंगच्या क्लासपासून, जिथे ती त्यांच्या पुढच्या बाकावर बसायची. मी गाडीच्या दाराला हात लावून उभी होते. एका माणसाने सरकून कट्ट्यावर माझ्यासाठी जागा केली, तशी मी जाऊन बसले.