जोर नाही लावायचा

आमच्या शेजारच्या तात्या कदमांना कुणी कशालाही जोर लावलेला बघवत नाही. बरणीचं झाकण असो, खिडकीची कडी असो, नाहीतर गॅसच्या सिलेंडरची टोपी असो, आपण दातओठ खाऊन लागलो की हे कुठूनतरी उगवतात, "थांबा, जोर नाही लावायचा," म्हणतात आणि खिशातून तेलाची कुपी काढतात. शिवणयंत्राला तेल घालायला असते ना, लांब चोचीची, तीच. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली एक तेलकट डाग आहे, आणि काकूंनी तो धुवायचा नाद केव्हाच सोडलेला आहे.

माझा स्वभाव नेमका उलटा. एखादी गोष्ट दोन मिनिटांत उघडली नाही तर मला तिला लाथ घालावीशी वाटते. त्यामुळे ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये राहायला आल्यापासून आमची जोडी छान जमली. मी अडकवायचं आणि त्यांनी सोडवायचं.

एकदा पुण्याहून आलेले माझे मामा आमच्या न्हाणीघरात अडकले. आतली जुनी कडी बसली ती निघेना. मी खांद्यानं दार तोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात तात्या आले. त्यांनी कुपी दाराखालच्या फटीतून आत सरकवली.

"मामासाहेब, कडीवर दोन थेंब टाका आणि अर्धा तास काही करू नका."

"अर्धा तास?" आतून मामा.

"बसायला स्टूल आहे न आत? मग परेशान कशाला होता?"

आणि हे बाहेर मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, घेऊन बसले. पुण्यात थंडी कशी आहे, मामांना मुलं किती, गुडघे कसे आहेत, सगळी चौकशी दारातून झाली. मग म्हणाले, "आता कडी पहिले आणखी लावा."

"लावू? अहो, मला उघडायचीय."

"माहीत आहे. पण पहिले ती जिकडं चाललीय तिकडं थोडी जाऊ द्या. मग उलटी फिरवा. मानेल."

कडी मानली. मामा पुढं चार दिवस राहिले, पण अंघोळीला जाताना दार नुसतं लोटून घेत.

गंजलेल्या वस्तूंविषयी तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. जोर लावला तर बोल्ट तुटतो. तेल द्यायचं, वेळ द्यायचा, हलके ठोके द्यायचे, आणि सोडवायच्या आधी थोडं आवळायचं. "त्याला मनवावं लागतं," असं ते बोल्टाबद्दल बोलतात, जणू तो जेवायला रुसून बसलाय.

हे ज्ञान त्यांना उपजत मिळालेलं नाही. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी जन्मभर कारकुनी केली आणि पाना कधी हातात धरला नाही. सगळं शिकले ते निवृत्त झाल्यावर, त्या ट्रॅक्टरवर.

तो ट्रॅक्टर डबरा गावाकडच्या त्यांच्या शेतातून एका ट्रॉलीवर चढून आमच्या गल्लीत आला, तेव्हा मूळचा रंग कुठला हे सांगता येत नव्हतं. सीटमधून बाभळीचं रोप वर आलं होतं, धुराड्यात गांधिलमाश्यांचं पोळं होतं. तात्यांनी तो घरासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवला. कॉलनीचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी आले.

"भाईसाहब, ये कबाड़ यहाँ कब तक रहेगा?"

"कबाड़ नहीं है," तात्या शांतपणे म्हणाले, "बीमार है."

या आजारपणात आम्ही सगळेच सामील झालो. इंजिन पार जाम झालं होतं, पिस्टन आत जागच्या जागी धरले होते. तात्या रोज सकाळी पूजा आटोपली की वरच्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतत, एक लांब पहार लावून इंजिन फिरतं का बघत, आणि ते फिरत नसे. मग "ठीक आहे, आराम कर," असं त्याला सांगून आत चहाला जात. बोल्टांसाठी वेगळा उपचार होता. आधी बोल्ट तापवायचा, मग त्याला मेणबत्ती टेकवायची, म्हणजे मेण वितळून आट्यांत उतरतं. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे लाइट गेली की अंधारात बसायचं. मेणबत्त्या सगळ्या हा खातो."

माझ्यानं हा संथपणा बघवेना. मी बिर्ला नगरहून एक मिस्त्री पकडून आणला. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "बाबूजी, छोड़िए इसे. दूसरा इंजन डलवा लीजिए, शाम तक दौड़ेगा."

"नाही," तात्या म्हणाले. "आवाज बदलेल."

मिस्त्री गेला. मी भडकलोच होतो. शेती तुम्ही करत नाही, ट्रॅक्टर चालवता तुम्हाला येत नाही, मग आवाजाचं काय लोणचं घालायचंय, असं मी सरळ विचारलं. तात्या बोल्टावर ठोके देत राहिले. उत्तर काकूंनी दिलं, संध्याकाळी, कुंपणाशी उभं राहून.

हा ट्रॅक्टर तात्यांच्या थोरल्या भावाचा, दादांचा. कागदावर वडिलांचा होता, पण चालवला दादांनी, जपला दादांनी. शेताची वाटणी झाली तेव्हा तात्यांनी का कोण जाणे, हट्टानं ट्रॅक्टर मागून घेतला. दादांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि ते गेले. तात्या ग्वाल्हेरला कचेरीत. ट्रॅक्टर लिंबाखाली वर्षानुवर्षं पावसात उभा. दादा रोज त्याच्या शेजारून शेतावर जात आणि तो गंजताना बघत. शेवटी एक दिवस त्यांचा संयम सुटला. ते म्हणाले, "तो सुरू होईल त्या दिवशी मला फोन कर. तोवर माझ्या दारात यायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही."

कुणीही रागात बोलतो तसं ते बोलले असणार. पण कदमांचं घराणं पलटणीतलं. वडीलधाऱ्यानं सांगितलं की तो हुकूम, त्यातला एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. दादा शेती सोडून मुलाकडे किला गेटला राहायला आले, म्हणजे अंतर गावातल्या गावात, तरी तात्या त्या दारात गेले नाहीत. पुतणीच्या लग्नाला मात्र गेले, पोटभर जेवलेही, कारण मांडव भाड्याच्या मैदानात होता आणि त्याचं दार दादांचं नव्हतं. दादांशी अर्थात बोलले नाहीत. पुढं काचबिंदूनं दादांची दृष्टी गेली. तेव्हा तात्यांनी ट्रॅक्टर इथं आणवला.

"आता त्यांना दाखवता येणार नाही," काकू म्हणाल्या. "ऐकवावाच लागेल."

मी दुसऱ्या दिवशी तात्यांना म्हटलं, "अहो, जा ना सरळ भावाकडे. एवढं काय त्यात?"

"दादांनी सांगितलंय न," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. बोल्टाला वेळ देता येतो, ऐंशी ओलांडलेल्या भावाला किती देणार?

मग थंडीत दादांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. दवाखानाही दादांचा नव्हताच, तेव्हा तात्या गेले आणि दिवसभर खाटेजवळच्या स्टुलावर तोंड मिटून बसले. दादांना दिसत नसल्यामुळे कोण बसलंय ते कळायचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी दादांनी सुनेला विचारलं, "इथं डिझेलचा वास कुठून येऊन राहिलाय?" सुनेनं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवून नको म्हटलं.

परत आल्यावर त्यांनी मला हे दोनदा सांगितलं. "त्यांना वास आला," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग एकदम घाबरल्यासारखे उठून ट्रॅक्टरकडे गेले.

दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टरजवळ मी त्यांना मोठा घण हातात घेऊन उभं असलेलं पाहिलं. मी, ज्यानं आजवर त्यांना हेच करायला सांगितलं होतं, धावत गेलो आणि म्हणालो, "तात्या, जोर नाही लावायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घण खाली ठेवला.

"ढकलू या," म्हणाले. "पण पहिले मागं."

सगळी गल्ली बोलावली. सेक्रेटरी, दूधवाला, समोरचे वकील, मी. चाकांबरोबर इंजिनही फिरावं म्हणून ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला, आणि तात्यांनी आम्हाला तो मागं ढकलायला लावला. ढकललं, काही नाही. "आता पुढं." काही नाही. "पुन्हा मागं. हळू. आराम से." सेक्रेटरी घामाघूम होऊन काहीबाही पुटपुटत होते. कितव्या वेळेला कुणास ठाऊक, आत कुठंतरी कट्ट असा आवाज झाला आणि ते धूड आमच्या हाताखालून हलकं होऊन सरकलं. तात्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "मानला," एवढंच म्हणाले.

पुढचं काम साफसफाईचं. रिंगा बदलल्या, पंप धुतला, नवी बॅटरी आली. तोवर दादाही दवाखान्यातून घरी आले होते. होळीच्या आधी एका दुपारी तात्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळ्या धुराचा लोट काकूंच्या वाळवणावर गेला, आणि मग ते लागलं, धडधड, धडधड, खिडक्यांची तावदानं हलवत.

तात्यांनी फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. हे काही बोललेच नाहीत. स्पीकर लावून फोन इंजिनासमोर धरला आणि उभे राहिले.

मग एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. "एक नंबरचा इंजेक्टर टपकतोय."

"हो, दादा," तात्या म्हणाले.

"बंद करू नको. मी येऊन राहिलोय."

तात्यांनी फोन तसाच चालू मडगार्डवर ठेवला. डोळे पुसायला गेले ते तेलकट हातानंच, आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. "ते ऐकायचे नाहीत, एकटेच निघतील," मला म्हणाले. "दिसत नाही त्यांना. तुम्ही जा न घ्यायला. मी कसा येऊ, बंद करू नको म्हटलंय."

मी स्कूटर काढली. वाटेतल्या हजिऱ्याच्या चौकातली गर्दी नेहमीसारखीच होती आणि मी नेहमीसारखा हॉर्न वाजवत किला गेटला पोचलो. दादा रस्त्यावर येऊन उभेच होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा चष्मा, एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात फोन, कानाला घट्ट लावलेला. मी कोण ते सांगायला लागलो, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. सुनेनं त्यांना मागं बसवलं. मी घाईघाईनं स्कूटर दामटली.

त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. फोन अजून कानालाच होता.

"हळू चालवा," म्हणाले. "ऐकू येत नाहीये."