पयली सीट

पेणच्या एसटी स्टँडबाहेर रोह्याला जाणाऱ्या मिनीडोर, म्हणजे माणशी भाड्याच्या तीनचाकी गाड्या, लागतात. त्यातल्या पहिल्या गाडीत, कडेच्या जागेवर, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसतील. त्यांच्या भरवशावर गाडीत चढू नका. ते कुठेही जात नाहीत.

हे तात्या. आमच्याच आळीतले. मिठागरावरचं काम सुटल्यापासून त्यांचा हा उद्योग. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही. एक माणूस आत दिसला की दुसरा चढतो, दोन दिसले की तिसरा धावत येतो. म्हणून ड्रायव्हर आधी तात्यांना बसवतात. गाडी भरत आली की तात्या उतरतात, धोतर झटकतात आणि मागच्या गाडीत जाऊन बसतात. मोबदला म्हणून चहा. सगळा स्टँड त्यांना ‘पयली सीट’ म्हणतो.

मिनीडोरवाल्यांच्या हिशेबात माणूस म्हणजे सीट. फौजदार असो की भाजीवाली, सीट. कडेवरचं पोर अर्धी सीट. तात्यांनी हा हिशेब घरीदारी नेला. आळीत कोणी वारलं की म्हणणार, “चांगली सीट उतरली.” माझ्या पुतण्याची बायको बघून म्हणाले, “मधी उतरणारी सीट नाय ही.” दवाखान्यात डॉक्टरांच्या दारात उभे राहून विचारतात, “अजून किती सीट?” देवळात कीर्तनाला माणसं नसली की बुवांना धीर देतात, “सुरू करू नका. मी बसतो पुढं, बाकीच्या सीट येतील.” आणि येतात. मी पाहिलं आहे.

माझं त्यांच्याशी वाकडं आहे ते वेगळ्या कारणानं. मी जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांना रंग पुरवतो. धंदा शून्यातून उभा केला. भाव करताना मला अजून कोणी गुंडाळलेलं नाही. त्या मला तात्यांनी गुंडाळलं, तेही तोंड न उघडता. तेव्हा ते या कामाला नुकतेच लागले होते आणि मला पत्ता नव्हता. रोह्याला एका व्यापाऱ्याकडे सौदा ठरवायला निघालो होतो. सुटायच्या बेतात असलेली एसटी समोर उभी. पण मिनीडोरमध्ये तात्या दिसले. म्हटलं, ओळखीचा माणूस आहे, गाडी भरतेच आहे. बसलो. थोड्या वेळानं तात्या उतरले. तोवर एसटी गेलेली. रोह्याला पोचलो तेव्हा माल दुसऱ्यानं उचलला होता.

“तात्या, उतरलात कशाला?” मी परत आल्या आल्या विचारलं.

“मी भरायपुरता. जायला तुमी हाव की.”

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्याविषयी बोलणं नाही टाकलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. अलिबागच्या गाडीवाल्यांनी चहावर भजी कबूल केली तरी तात्या बसणार रोह्याच्याच गाडीत. शेजारी बसेल त्याला विचारणार, “रोह्यात दमखाडीला का?” त्यानं हो म्हटलं की पुढे, “तिथं गिरणीच्या बाजूला घर हाय एक. दारात पोर खेळतंय का, बघा जरा.”

ते घर त्यांच्या लेकीचं, मालूचं. नातवाच्या बारशाला व्याह्यांनी तात्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. तात्या उठले ते थेट पेणला आले. “बोलावल्याबिगर जायचा नाय.” मालूही त्यांचीच मुलगी. तिचा निरोप आला, “रुसून गेले, त्यांनीच यावं.” बारशाचं ते पोर आता शाळेत जायला लागलं.

यंदा आषाढात मला पुन्हा घाईनं रोह्याला जायचं होतं. एसटी गेलेली. तात्या उतरले की मिनीडोरमध्ये एक सीट कमी, आणि ते उतरायच्या तयारीत. सुऱ्या ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, सीट भरल्याशिवाय हलणार नाय.”

माझं डोकं फिरलं. मी तात्यांच्या पिशवीचा बंद धरला. “आज उतरायचं नाही. माझा सौदा घालवलात, त्याची भरपाई समजा.”

“पुढची सीट द्याल?”

“दिली.”

“रोह्यात खाली उतरा म्हणायचं नाय.”

“नाही म्हणणार.”

सौदा पटला. रोह्याला सगळे उतरले. तात्या पुढून उठले, मागे कडेच्या जागेवर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. आता ते पेणच्या गाडीची पयली सीट.

“तात्या, दमखाडी ही काय समोर. जा की.”

“ठरलं काय होतं?”

शब्द फिरवणं माझ्या धंद्यात बसत नाही. रागानं मी पिशवी ओढून घेतली. इतकी वर्षं मला वाटायचं, प्रवासी दिसावं म्हणून आत चिंध्या कोंबल्या असतील. आत पोह्याचे पापड होते. अर्धे आख्खे, अर्ध्यांचा भुगा.

“आठवड्याला नवे घेतो,” तात्या दुसरीकडे बघत म्हणाले. “शेजारची सीट टेकते. मोडतात.”

माझा व्यापारी वाट बघत होता. मी पिशवी घेऊन गिरणीकडे गेलो. मालूनं पिशवीत हात घातला, भुगा चिमटीत धरून पाहिला आणि पायात चपला अडकवल्या.

गाडीपाशी येऊन ती म्हणाली, “तात्या, सरका.”

तात्या सरकले. ती शेजारी बसली.

“जेवलाव?”

“नाय.”

“चला. पयल्या पंगतीला वाढते.”

“थांब गो जरा,” तात्या म्हणाले. “सुऱ्याची गाडी भरू दे.”

मालू थांबली. पिशवी तिनं आपल्या मांडीवर घेतली. सुऱ्यानं हाळी दिली, “पेण, पेण, दोन सीट झाल्या!”

छत्रीवाले एक गृहस्थ एसटीकडे निघाले होते. ते वळले, आत डोकावले आणि मला विचारू लागले, “ही लगेच सुटेल ना हो?”

मी तात्यांकडे बघितलं, मालूकडे बघितलं.

“बसा,” मी म्हणालो. “दोन सीट आहेत की आत.”